बाबांच्या पायमोज्यांसाठी मऊ मिश्र लोकर हवी आहे (नागपूर)

सुलट_उलट | १६ नोव्हेंबर, रात्री ९.२०

बाबा ७६ वर्षांचे आहेत. मधुमेहाला १८ वर्षं झाली. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीतही कुरकुर न करणारा हा माणूस दिवाळी संपली की संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन बसतो. मनीषनगरला आमचं घर तळमजल्यावर आहे आणि सगळीकडे टाईल्स. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ वर उतरला होता, ती रात्र अनेकांना आठवत असेल. त्या रात्री त्यांनी विकतचे दोन मोजे एकावर एक चढवले आणि सकाळी पोटरीवर इलॅस्टिकचा लालभडक वळ उठला होता. त्यांना स्वतःला तो जाणवलासुद्धा नव्हता. तेव्हाच मनाशी ठरवलं की यांचे मोजे आता मी विणणार.

मागच्या वर्षी एक जोड विणला. इतवारीतल्या एका दुकानात हाताला सगळ्यात मऊ लागली ती लोकर घेतली. कापसाच्या पेळूसारखी फुगीर, एकपदरी, गालाला लावली तर सायीसारखी. वेष्टनावर नुसतं ‘सॉफ्ट वूल’ लिहिलेलं. बाबा खूश झाले, पण दहा दिवसांत तळव्याला गोळे धरले, दोन धुण्यांत मोजे ढगळ झाले आणि संक्रांतीला टाचेला रुपयाएवढं भोक. टाचेखाली ते गोळे टोचत असणार, पण त्यांच्या पायांना नीट संवेदना नाही, त्यामुळे सांगणार कोण? मीच एकदा पाय पुसताना लाल झालेलं पाहिलं आणि मोजे काढून टाकले.

या वेळी चूक करायची नाही. मऊ तर हवेच, पण टिकणारे हवेत. लोकरीत काय मिसळलेलं असावं? किती टक्के? दुकानात उभं राहून ओळखायचं कसं? स्वेटर मी पुष्कळ विणलेत, मोज्यांचा अनुभव त्या एका जोडापुरताच.

---

महालची_मावशी | १६ नोव्हेंबर, रात्री १०.०५

पोरी, वाचून जीव कळवळला. मी चाळीस वर्षांपासून मोजे विणून राहिली, त्यातले निम्मे तरी म्हाताऱ्या माणसांच्या पायांत गेले असतील. एक गोष्ट आधी ध्यानात घे. गालाला मऊ लागते ती लोकर टोपीसाठी. पायाचं गणित वेगळं. पायाखाली लोकर दिवसभर दळली जाते. जेवढी फुगीर आणि सैल पिळाची, तेवढे तिचे तंतू लवकर सुटे होतात आणि त्याचेच गोळे बनतात.

दुकानात दोन गोष्टी करून बघ. लोकरीचं टोक हातात धरून उलट बाजूला फिरव, पदर मोज. मोज्याला तीन किंवा चार पदरी पाहिजे, आणि प्रत्येक पदराला आपला स्वतःचा पीळ पाहिजे. बोटात धरली की गोल लागली पाहिजे, चपटी नाही. मग अंगठ्याने एकाच जागी वीस-पंचवीस वेळा घास. तिथंच पिसं निघाली तर ठेवून दे खाली. आणि मऊपणा बघायचाच तर हाताच्या पंजाने नको पाहू, भांडी घासून आपले हात राठ झालेले असतात. मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा मानेला पाच मिनिटं लावून ठेव.

दुसरं म्हणजे आपल्याकडे ‘लोकर’ म्हणून जे विकतात त्यातली बरीचशी लोकरच नसते. ॲक्रिलिक असतं, म्हणजे कारखान्यातला कृत्रिम धागा. तुझं मागच्या वर्षीचं तेच असणार असं मला वाटते. उरलेला तुकडा आहे का? जाळून बघ.

---

कापूस_ते_कापड | १६ नोव्हेंबर, रात्री ११.३०

मावशींशी पूर्ण सहमत. मी वस्त्रोद्योगात काम केलंय, त्यामुळे यामागचं ‘का’ थोडं विस्ताराने लिहितो. ताईंचा प्रश्न मनापासूनचा आहे, उत्तर अर्धवट नको.

लोकर टोचते ती तंतूच्या जाडीमुळे. जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. बारीक तंतू त्वचेला टेकला की वाकतो, जाड तंतू वाकत नाही, त्याचं टोक त्वचेत रुततं. ही सीमा साधारण ३० मायक्रॉनची आहे. गुंड्यातले शंभरातले पाचेक तंतू जरी त्याहून जाड निघाले, तरी बहुतेकांना टोचल्यासारखं होतं. लोकरीची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्या पुष्कळ जणांना खरं तर हीच अडचण असते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर तिशीच्या बरीच पुढे जाते, म्हणून तिची घोंगडी उत्तम होते आणि मोजा होत नाही. बिकानेरकडची लोकर गालिच्यांना जाते. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर मात्र १८ ते २३ मायक्रॉनच्या आसपास असते. मोज्यांसाठी १६-१७ मायक्रॉनच्या मागे लागू नका. ती आणखी मऊ असते हे खरं, पण तेवढीच लवकर झिजते. पश्मिना तर त्याहून बारीक, ती पायात घालायची चीजच नाही.

आता मिश्रण. लोकरीत स्प्रिंगसारखा लवचिकपणा आहे, ती ताणली की परत येते, त्यामुळे मोजा इलॅस्टिकशिवाय पायावर राहतो. पण घर्षण ती फार सोसत नाही. नायलॉन सोसतो. म्हणून जगभर मोज्यांच्या लोकरीचं रूढ प्रमाण ७५ टक्के लोकर, २५ टक्के नायलॉन असं आहे. ८०-२० सुद्धा चालतं. लेबलवर नायलॉनला ‘पॉलिअमाइड’ असंही लिहितात, गोंधळू नका. २५ टक्क्यांच्या फार पुढे गेलात तर टिकाऊपणा वाढतो, पण पाय घामेजायला लागतो.

घामाचंही सांगतो. साधारण हवेत तंतू स्वतःच्या वजनाच्या किती टक्के बाष्प धरतो ते पाहा: लोकर सुमारे १६, कापूस ८, नायलॉन ४, ॲक्रिलिक जेमतेम दीड ते दोन. दमट हवेत तर लोकर ३० टक्क्यांपर्यंत बाष्प पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. मधुमेहाच्या पायाला कोरडं राहणं फार महत्त्वाचं, म्हणून ॲक्रिलिक कितीही मऊ असलं तरी बाबांसाठी मी ते सुचवणार नाही.

‘सुपरवॉश’ हा शब्द दिसेल. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात, लोकर आटते, नमद्यासारखी घट्ट होते. सुपरवॉशमध्ये हे खवले रसायनाने बोथट करतात आणि वर पातळ लेप देतात. त्यामुळे मोजा मशीनमध्ये टाकता येतो, शिवाय स्पर्श गुळगुळीत होतो. तोटा एकच, पहिल्या धुण्यात ती पसरते. नमुना विणून, धुऊन, वाळवूनच मोजायचा.

---

बर्डीवाला | १७ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

एक प्रामाणिक शंका. आपण कापसाच्या मुलखातले लोक. १८७७ साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल इथंच काढली, कापूस संशोधन संस्थाही आपल्याच शहरात आहे. थंडी दोन महिन्यांची. मग काकांना सुती मोजे का नकोत? स्वस्त, मऊ, टोचत नाहीत.

---

कापूस_ते_कापड | १७ नोव्हेंबर, सकाळी ९.००

दादा, कापसावर माझंही पोट भरलंय, त्यामुळे आकसाने नाही सांगत. विकतच्या सुती मोज्यात कापसाबरोबर नायलॉन आणि रबरासारखा ताणणारा धागा असतो, म्हणून तो पायाला धरून बसतो. हाताने नुसत्या सुती दोऱ्याचा मोजा विणला तर तासाभरात घोट्याशी चुण्या पडतात, कारण कापूस ताणला की परत येत नाही. आणि घाम शोषला की तो ओला राहतो. ओला कापूस थंडीत पाय गार करतो, शिवाय ओल्या कापडाने कातडी घासली जाते.

बांबूचंही आत्ताच सांगून टाकतो, कारण दुकानदार हमखास ते दाखवतील. तो बहुतेक वेळा व्हिस्कोज, म्हणजे लगद्यापासून रसायनाने बनवलेला धागा असतो. स्पर्श रेशमासारखा, पण ओला झाला की कमजोर पडतो आणि लोंबतो. लोकर, बांबू आणि नायलॉन असं तिहेरी मिश्रण मिळालं तर फेब्रुवारी-मार्चच्या उतरत्या थंडीला छान. नुसता बांबू नको.

---

सुलट_उलट | १७ नोव्हेंबर, रात्री ९.४५

मावशी, जाळून पाहिलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडून, स्टीलच्या ताटलीवर, सांडशीत धरून. तुकडा भर्रकन पेटला, काळा धूर निघाला, वितळला आणि काळा कडक मणी राहिला. बाजूला आईच्या जुन्या शालीचा दोरा जाळला. तो कुढत जळला, केस जळल्यासारखा वास आला, ज्योत काढली तसा विझला आणि राख बोटांनी चुरली गेली. फरक इतका स्वच्छ होता की मला वाईट वाटलं. एवढी मेहनत केली ती लोकरीवर नव्हतीच.

आज बर्डी आणि सदरमध्ये चार दुकानं पाहिली. दोघांनी ‘मोज्याची लोकर वेगळी असते का?’ असं मलाच विचारलं. जे मिळालं ते असं. बाळांच्या कपड्यांची म्हणून विकतात ती लोण्यासारखी मऊ, पण शंभर टक्के ॲक्रिलिक. एक निम्मी लोकर, निम्मं ॲक्रिलिक, चार पदरी, पीळ बरा, रंग फक्त मरून आणि नेव्ही. एक शुद्ध मेरिनो, दोन पदरी, जाडसर. आणि ऑनलाइन ७५-२५ सुपरवॉश मेरिनो-नायलॉन दिसते आहे, १०० ग्रॅममध्ये ४२० मीटर. तिची किंमत मरूनच्या साधारण चौपट. चार पैसे जास्त द्यायला तयार आहे, पण खरंच तेवढा फरक पडेल का?

---

टाच_आणि_चवडा | १७ नोव्हेंबर, रात्री १०.२०

ताई, मी परिचारिका आहे आणि मधुमेहाच्या पायांच्या जखमा रोज पाहते, म्हणून लोकरीखेरीजचं लिहिते.

मरून आणि नेव्ही, दोन्ही रंग बाबांसाठी नको. पांढरा, क्रीम किंवा अगदी फिकट रंग घ्या. ज्या पायाला दुखणं कळत नाही, त्याची जखम मोज्यावरच्या डागाने कळते. गडद रंगात रक्ताचा किंवा पाण्याचा ठिपका दिसतच नाही. रात्री मोजे काढताना आतली बाजू उलटी करून बघायची सवय लावा, आणि तळवे, बोटांच्या बेचक्या रोज बघा.

मोज्याच्या आत शिवण किंवा गाठ नको. बोटांवरची जोड सपाट हवी. घोट्याच्या वर घट्ट काठ नको, तुम्ही लिहिलेला तो वळ पुन्हा उठता कामा नये. पायाचं माप संध्याकाळी घ्या, तोवर सूज चढलेली असते. मोजा ढगळही नको, चुणी बुटात दाबली जाते आणि तिथंच फोड येतो.

आणखी दोन गोष्टी, रागावू नका. पाय गार आहेत म्हणून गरम पाण्याची पिशवी कधीच देऊ नका, भाजल्याचं त्यांना कळणार नाही. आणि लोकरीचे मोजे टाईल्सवर घसरतात, वरून मागे पट्टा असलेली चप्पल हवीच. पाय अचानक जास्त गार पडायला लागले असतील, एकच पाय गार असेल किंवा रंग बदलला असेल तर मोज्यांच्या आधी डॉक्टरांना दाखवा, रक्तपुरवठा तपासावा लागतो.

---

सुलट_उलट | १७ नोव्हेंबर, रात्री १०.४०

रागावू कशी? रंगाचं मला कधी सुचलंच नसतं. मागचे मोजे मी चॉकलेटी विणले होते. उद्याच त्यांचे पाय डॉक्टरांना दाखवते.

---

गोकुळपेठ_४ | १८ नोव्हेंबर, दुपारी १.१५

मी थोडं वेगळं मत मांडते. नायलॉनवर एवढा भर कशाला? माझी आजी शुद्ध लोकरीचे मोजे विणायची, आजोबांनी ते वर्षानुवर्षं घातले. प्लास्टिकचा धागा आजारी माणसाच्या पायाला कशाला लावायचा? बारीक सुईवर घट्ट विणायचं, टाच दुहेरी करायची, झिजलं की रफू करायचं. लोकर चांगली असली की पुरे.

---

महालची_मावशी | १८ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

गोकुळपेठ ताई, तुमच्या आजींचं खरं आहे. पण तेव्हाची मोज्याची लोकर कडक पिळाची आणि थोडी राठ असायची, आणि आजोबांची टाच तिला सरावलेली. आज जी मऊ मेरिनो मिळते ती एकटी टिकत नाही, मी दोनदा विणून पाहिली. दुसरं, रफू केलेली टाच कितीही सफाईने केली तरी तिथं थोडी जाड होते. तुमच्या-माझ्या पायाला चालते. या पोरीच्या बाबांच्या पायाला नाही.

नायलॉन साऱ्या मोज्यात नकोच असेल तर मधला रस्ता आहे. शुद्ध लोकर घ्या आणि फक्त टाच अन् पंजा विणताना बारीक नायलॉनचा दोरा लोकरीबरोबर जोडीने धरा. रंग जुळता घ्या.

आणि घट्ट विणण्याचं तुम्ही बोलल्या ते सोळा आणे खरं. लोकर कितीही भारी आणली आणि दहा नंबरच्या सुईवर सैल विणली तर भोक पडणारच. मोज्याला तेरा नंबर, म्हणजे सव्वादोन मिलिमीटर. दोन्ही टोकांच्या पाच सुयांचा संच घे, गोल विणता येते, शिवणीचा प्रश्नच मिटतो. इंचाला साडेसात-आठ टाके आले पाहिजे. विणलेलं कापड उजेडासमोर धरून ताण, आरपार उजेड दिसला तर सुई बारीक घे.

टाचेचा पल्ला असा विण: सुलट बाजूला एक टाका न विणता उचलायचा, एक सुलट, शेवटपर्यंत तसंच. उलट बाजूची ओळ पूर्ण उलट. पुढच्या सुलट ओळीला उचलायचे टाके बदलायचे. मागून दुहेरी धागा धावतो आणि कापड जाड पण लुसलुशीत राहते. मागच्या वेळी तू टाच साधी सुलटच विणली असशील.

---

सुलट_उलट | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ७.००

हो मावशी, साधी सुलटच. आणि सुई दहा नंबरची होती.

---

कापूस_ते_कापड | १८ नोव्हेंबर, रात्री ८.५०

ताईंनी विचारलेला चौपट किमतीचा प्रश्न राहिला. माझं उत्तर: हो, बाबांसाठी घ्या. १०० ग्रॅममध्ये मोठ्या माणसाचा पूर्ण जोड होतो आणि थोडी उरते. निम्मी लोकर-निम्मं ॲक्रिलिक घरातल्या तरुण मंडळींना चालेल, पण त्यात झीज सोसणारा नायलॉन नाही आणि ओल धरणारी लोकर अर्धीच.

घेताना लेबलवरचे पदर पाहून जाडीचा अंदाज बांधू नका. आपल्याकडे ‘फोर प्लाय’ लिहिलेल्या लोकरी वेगवेगळ्या जाडीच्या निघतात. मीटर पाहा. १०० ग्रॅममध्ये ४०० ते ४२० मीटर म्हणजे मोज्याची जाडी. त्याच वजनात २०० च आले तर ती स्वेटरची. ५० ग्रॅमचा गुंडा असेल तर २०० ते २१० मीटर हवेत.

वूलमार्कचं चिन्ह असेल तर त्याचेही प्रकार आहेत. १९६४ पासूनचं मूळ चिन्ह शुद्ध नव्या लोकरीचं. ‘वूलमार्क ब्लेंड’ म्हणजे निम्म्याहून अधिक लोकर, आणि नुसतं ‘वूल ब्लेंड’ म्हणजे ३० ते ५० टक्क्यांच्या मधली. मोज्यांना शेवटचं नको.

७५-२५ लिहिलंय ते खरं आहे का, हे जाळून नीट कळत नाही, कारण लोकर आणि नायलॉन एकत्र जळतात. त्यासाठी क्लोरीनवाल्या घरगुती ब्लीचमध्ये चार इंचाचा तुकडा टाका. लोकर विरघळून जाते, नायलॉनची जाळी शिल्लक राहते. काचेचा जुना ग्लास, हातमोजे, उघडी खिडकी, आणि त्यात टॉयलेट क्लीनर किंवा कोणतंही आम्ल चुकूनही जाऊ देऊ नका, विषारी वायू होतो. ऑनलाइन मागवलेली लोकर एकदा तपासून घ्यायला ही परीक्षा चांगली.

---

सुलट_उलट | २७ नोव्हेंबर, रात्री ९.१०

लोकर आली! क्रीम रंग, चार पदरी, पीळ कडक आणि तरी मनगटाला मऊ. ब्लीचमध्ये तुकडा टाकला, बघता बघता फुगला, बुडबुडे आले, आणि शेवटी कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ दोरा राहिला. बाबा शेजारी खुर्चीवर बसून बघत होते. शाळेत विज्ञान शिकवायचे ते. म्हणाले, “वर्गात दाखवायला हवं होतं हे.”

डॉक्टरांनी दोन्ही पाय तपासले. नाडी ठीक लागते, संवेदना कमी आहे. मऊ, शिवण नसलेले मोजे घाला असंच त्यांनीही सांगितलं.

नमुना तेरा नंबरवर विणला. धुण्याआधी इंचाला ८ टाके, धुऊन वाळल्यावर साडेसात. सायंकाळी पायाचा घेर साडेनऊ इंच भरला, सकाळी नऊच होता. आता किती टाके घालू?

---

महालची_मावशी | २७ नोव्हेंबर, रात्री ९.५०

सायंकाळचं माप धर. साडेनऊमधून दहावा हिस्सा कमी कर, म्हणजे साडेआठ. साडेआठ गुणिले साडेसात, चौसष्टच्या जवळ येते. ६४ टाके घाल, चारने भागही जातो. न धुतलेल्या नमुन्यावर गेली असती तर ६८ घातले असते आणि मोजा पहिल्या धुण्यात ढगळ झाला असता.

टाके घालताना दोन सुया एकत्र धरून घाल, काठ सैल राहते. काठाला दोन सुलट-दोन उलट, इलॅस्टिक अजिबात ओवू नको. पंजा संपला की शेवटचे टाके बंद करू नको, सुई-दोऱ्याने समोरासमोर जोड. टोकं आत ओवताना तळव्याकडे नको, पायाच्या वरच्या बाजूला ओव.

---

बर्डीवाला | २८ नोव्हेंबर, सकाळी ७.४५

मी धागा वाचत होतो, आणि काल माझ्या आईसाठी तीच लोकर मागवली. विणून द्यायला घरात कोणी नाही. नागपुरात विणून देणाऱ्या कोणी माहीत असतील तर मला निरोप पाठवा, मजुरी योग्य ती देईन.

---

महालची_मावशी | २८ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

निरोप पाठवला आहे. आईच्या पायाचं संध्याकाळचं माप आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी घेऊन ये. बाकी आपण बघू.

---

गोकुळपेठ_४ | २९ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

धुण्याबद्दल आजीचं शिकवणं सांगते, ते नक्की उपयोगी पडेल. ती रिठ्याच्या पाण्यात धुवायची. नेहमीची कपड्यांची पावडर लोकरीला नको.

---

कापूस_ते_कापड | २९ नोव्हेंबर, दुपारी २.००

अगदी बरोबर, आणि कारणही पक्कं आहे. लोकर केसासारखीच केराटिनची, म्हणजे प्रथिनाची. पावडरीतला सोडा तिला कमजोर करतो, आणि डाग काढणारी जी एन्झाइम असतात त्यांचं कामच प्रथिन तोडणं. रिठा किंवा लोकरीसाठीचा सौम्य द्रव वापरा. गार पाणी, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सावलीत आडवं वाळवायचं. सुपरवॉश असली तरी मी हातानेच धुतो.

नागपूरच्या माणसाला खरी काळजी मार्चनंतरची. मोजे दहा महिने कपाटात राहतात आणि कसर लागते. कसरीची अळी केराटिन खाते, आणि घाम लागलेला भाग तिला आधी सापडतो. म्हणून ठेवण्यापूर्वी धुऊन पूर्ण कोरडे करून, हवाबंद पिशवीत. कडुलिंबाचा पाला घालतात तो घाला, पण भरवसा स्वच्छतेवर आणि बंद पिशवीवर ठेवा. डांबरगोळ्या आजारी माणसाच्या कपड्यांत मी ठेवत नाही.

---

सुलट_उलट | १२ डिसेंबर, रात्री १०.३०

जोड पूर्ण झाला. वजन केलं, ६६ ग्रॅम लागली, ३४ उरली. मावशींनी सांगितलेली टाच विणताना पहिल्यांदा कापड हातात जाड आणि तरी उबदार लागलं, उजेडासमोर धरलं तर आरपार काही दिसत नव्हतं. टोक जोडायला तीनदा उसवलं. चौथ्यांदा अशी जोड बसली की कुठं संपली ते बोटाला कळत नाही.

बाबांनी घातले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “टाचेला काहीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं.” त्यांना टाचेचं काही जाणवलं, हे ऐकून आई उठून आत गेली.

---

टाच_आणि_चवडा | १२ डिसेंबर, रात्री १०.५०

खूप बरं वाटलं वाचून. दुसरा जोड लवकर विणा, म्हणजे रोज धुतलेला मोजा घालता येईल. एकच जोड दोन-तीन दिवस घालू देऊ नका.

---

सुलट_उलट | २० जानेवारी, रात्री ८.१५

ज्यांनी ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांच्यासाठी. दुसरा जोड नाताळात झाला, दोन्ही आलटून पालटून रोज वापरात आहेत. पहिला जोड आतापर्यंत सोळा वेळा धुतला. टाच शाबूत. तळव्याला किंचित पिसं आलीत, गोळे नाहीत. मापात फरक नाही. पोटरीवर वळ नाही. ९ तारखेला उजव्या मोज्याच्या आत करंगळीपाशी डाळीएवढा तांबूस डाग दिसला. नख लागून शेजारच्या बोटाला ओरखडा गेला होता, त्यांना पत्ताही नव्हता. त्याच दिवशी दाखवलं, पाच दिवसांत भरून आला. चॉकलेटी मोजे असते तर मला दिसला नसता.

दोन्ही गुंड्यांची मिळून ६८ ग्रॅम उरली आहे. दहा ग्रॅम बाजूला ठेवून बाकीच्यात आईचे घोट्यापर्यंतचे मोजे घातलेत सुईवर. तिचा घेर आठ इंच, टाके ५४ येत होते, मावशींना विचारून ५६ केले.